मार्थाचा दुसरा दिवस

९ नोव्हेंबर १९७२, गुरुवार

सिगडी अंगणात ठेवली होती, धूर निघून जाईपर्यंत. आत मी कणीक मळत होते. तांदूळ निवडून झाले होते, भांडी राखेने घासून पालथी घातली होती, आणि नळाखाली बादली लावून मी ती विसरून गेले होते. श्रीरंग दाढी करत होता. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून तो दारात आला आणि म्हणाला, "आई, बादली केव्हाची भरली. पाणी वाहून राहिलं. नळ बंद कर ना." माझे हात कणकेचे. मी म्हटलं, "तूच कर." त्याने केला. मग जेवला, ट्रंक उचलली आणि रिक्षात बसून स्टेशनवर गेला. मागच्या वर्षीची गोष्ट. रजा संपायच्या आधीच बोलावणं आलं होतं.

रिक्षात बसताना "येतो" म्हणाला असेल. ते मला आठवत नाही. बादली आठवते.

वही आजपासून लिहायची ठरवलं, कारण श्रीरंगचं नाव काढलं की समोरचं माणूस उठून जातं. कुणाचं दूध उतू जात असतं, कुणाला बाजारात जायचं असतं. वही उठून जात नाही.

तो फौजेत वायरलेसवर होता. मागच्या डिसेंबरात लढाई झाली तेव्हा छांबकडे, सरहद्दीवर होता. तार आली ती माझ्या दिराने, मुरलीधर भाऊजींनी, वाचून दाखवली. लापता. त्या दिवशी मी भाऊजींना आणि जावेला, हेमलताला, बजावलं होतं की श्रीरंग नाही असं सांगायला कुणी या दारात आलं, तर मी भेडाघाटला जाईन आणि धुवाँधार धबधब्याच्या कठड्याशी थांबणार नाही. बोलले ते बोलले. आजही तेच म्हणते. लापता म्हणजे सापडायचा आहे. त्यांच्याकडे आपले कैदी आहेत, आपल्याकडे त्यांचे आहेत.

दिवाळीत भाऊजींच्या क्वार्टरवर गेले तर ना कंदील, ना दारात रांगोळी. हेमलताने चहा आणि बिस्किटं पुढे केली. मी म्हटलं, "काय गं, चकलीचा सोऱ्या हरवला का?" तर म्हणाली, "यंदा जमलंच नाही वहिनी, कंबर धरून राहते." आळशी झाली आहे, दुसरं काही नाही. मी एकटी बाई, दिवसभर फॅक्टरीत ताडपत्री शिवते, तरी चिवडा केला. श्रीरंगला आवडतो. तिला डबा भरून दिला तर उघडला पण नाही. म्हणाली, "ठेवा तिथे, मग खाईन."

१३ नोव्हेंबर, सोमवार

आज सुई अंगठ्यातून आरपार गेली. ट्रकचं कव्हर जाड असतं, दोन पदर एकावर एक आले की जोर लावावा लागतो. दवाखान्यात विनता होती. ती नर्स, नगरकडची ख्रिस्ती, आमच्या अधारतालातच मागच्या गल्लीत राहते. मला काकू म्हणते.

"काकू, हा अंगठा आहे का ताडपत्री? इकडून घातली न तिकडून काढली."

"दुखून राहिलं, लवकर बांध."

"बांधते. पण आठ दिवस सुई नाही, पाण्यात हात नाही. घरी बसायचं."

"घरी बसून काय करू?"

"झोपा."

"झोप येत असती तर सुई बोटात गेली असती का?"

तिने पट्टी बांधली. संध्याकाळी ती घरी आली आणि एक पुस्तक देऊन गेली. तिच्या वडिलांचं आहे, मिशनच्या छापखान्यात फार वर्षांपूर्वी छापलेलं. नाव 'देवळामागची विहीर'. "रहस्यकथा आहे काकू. आमच्या देवाची आहे, चालेल ना?"

मी म्हटलं, "देव काय तुमचा आमचा? दे इकडे."

एवढं जाड पुस्तक मी पोथीशिवाय कधी हातात धरलं नाही. मला शाळा नव्हती. हे रोज संध्याकाळी पोथी वाचायचे आणि मी ऐकायची. वीस वर्षं ऐकून सगळी तोंडपाठ झाली. हे गेले त्या वर्षी पोथी तशीच गुंडाळून ठेवावी असं वाटलं नाही, म्हणून उघडून बसले. तोंडाने ओवी म्हणायची आणि बोट अक्षरावरून सरकवायचं. कुठे कोणतं अक्षर आहे ते असं हळूहळू कळत गेलं. पुढे पुड्याचे कागद वाचले, फॅक्टरीतल्या पाट्या वाचल्या, मग वर्तमानपत्र. श्रीरंग हसायचा. म्हणायचा, "आई, तू वर्तमानपत्र पण ओवीसारखं वाचतेस."

१४ नोव्हेंबर, मंगळवार

आज पुस्तक सुरू केलं. अंघोळ करून, पाट मांडून, त्यावर धुतलेलं फडकं घालून. ख्रिस्ती लोकांचं पुस्तक पाटावर ठेवावं का, असं क्षणभर वाटलं. पण मांडीवर ठेवून वाचायला मला येतच नाही. नमस्कार केला आणि मोठ्याने वाचायला लागले.

एक खेडं आहे. टेकडीवर दगडी देऊळ, म्हणजे त्यांचं. देवळामागे विहीर. मार्था नावाची विधवा आहे आणि तिचा एकुलता एक मुलगा योहान. नाताळच्या आधी एका संध्याकाळी तो देवळात दिवे लावायला जातो आणि परत येत नाही. मार्था खिडकीत कंदील ठेवून बसते. इथे पहिला भाग संपला.

पुस्तक मिटलं तरी मी पाटावरून उठले नाही. विनताने हे पुस्तक मलाच का आणून द्यावं? तिला काही माहीत नसेल. पण देणारा देतो तेव्हा हातातून देतो, त्या हाताला माहीत असावं लागतं असं नाही.

पोथीच्या शेवटी फलश्रुती असते. नेमाने वाचणाऱ्याला काय मिळेल ते तिथे सांगतात. आजाऱ्याला आराम, आंधळ्याला डोळे, हरवलेल्याची भेट. यातही असेलच. देवाचं पुस्तक आहे.

म्हणून आज हातावर पाणी सोडून संकल्प केला. अंगठ्याची पट्टी ओली झाली, होऊ दे. रोज एक भाग वाचीन. मधलं पान गाळणार नाही, शेवट आधी बघणार नाही. योहान आईला सापडला की माझा श्रीरंग सापडेल. नाही सापडला तर मला माझं उत्तर कळेल, आणि भेडाघाटची बस इथून रोज सुटते.

१८ नोव्हेंबर, शनिवार

योहानचा पत्ता नाही. देवळातला चांदीचा पेला पण नाहीसा झाला आहे. गावात नवीन फौजदार आला आहे, तो सगळ्यांना उलटसुलट विचारतो. देवळात घंटा वाजवणारा एक म्हातारा आहे, तो रोज सकाळी मार्थाची घागर विहिरीवरून भरून आणून देतो, कारण बिचारीला आता उभं राहवत नाही. एवढा एकच भला माणूस दिसतो पुस्तकात.

आमच्या खिडकीच्या काचेला मागच्या वर्षीचा ब्लॅकआउटचा काळा कागद अजून चिकटलेला होता. तो आज डाव्या हाताने खरवडून काढला आणि मार्थासारखा तिथे दिवा ठेवला. शेजारची तिवारीन नळावरून बघत होती. म्हणाली, "दीदी, दिवाली तो हो गई. अब किसके लिए?"

मी म्हटलं, "जिसको आना है उसके लिए."

ती बादली उचलून घरात गेली.

दुपारी मोठ्या रस्त्यावर उभी होते तेव्हा छावणीकडे जाणारा फौजेचा ट्रक गेला. आत त्यांचे कैदी होते. ताडपत्री आमच्याच हातची, कोपऱ्यातला दुहेरी टाका मी ओळखला. मागच्या फटीतून एकजण बाहेर बघत होता. दाढी वाढलेली, पोरसवदा. रस्त्यावरच्या पेरूच्या हातगाडीकडे बघत होता. मला वाटलं याला एक पेरू द्यावा, म्हणजे तिकडे कुणीतरी माझ्या पोराला देईल. ट्रक थांबला नाही.

२२ नोव्हेंबर, बुधवार

पुस्तक फार काळोखाचं होत चाललं आहे. देवळाच्या जिन्यावर आणखी एक माणूस मरून पडला. प्रत्येक भागात वारा सुटतो, मेणबत्ती विझते आणि कुणीतरी किंचाळतं. मला तसलं नको आहे. मला योहान पाहिजे. पण लेखक त्याला विसरूनच गेला आहे. फौजदार पेल्याच्या मागे लागला आहे. पानंच्या पानं चांदीच्या पेल्याची, आणि पोराची एक ओळ. एकदा तर मी मोठ्याने म्हटलं, "अहो, पेला राहू द्या!"

मार्था तर अशी खुळी की गावातल्या बायका त्या विहिरीवर यायच्या बंद झाल्या, नदीवरून पाणी आणायला लागल्या, तरी ही म्हणते, बायका आजकाल नटव्या झाल्या, नदीवर हुंदडायला पाहिजे त्यांना.

संध्याकाळी विनता पट्टी बदलायला आली. पाटावरचं पुस्तक, फडकं, उदबत्ती बघून उभीच राहिली.

"काकू, हे काय?"

"पारायण."

"याचं?"

"मग कशाचं?" आणि तिला संकल्प सांगितला. धुवाँधारचं सांगितलं नाही, बाकी सांगितलं.

ती खाली बसली. पट्टी सोडता सोडता म्हणाली, "काकू, ते पुस्तक मला परत पाहिजे. आजच. माझ्या मावशीनं मागितलं."

"वाचून झालं की नेऊन दे मावशीला."

"नाही, काय आहे... चांगलं नाही ते. मी तुम्हाला दुसरं देते. स्तोत्रांचं देते, खूप छान आहे."

"अर्धं पारायण सोडत नसतात, विनता."

"पोथी नाही हो ती! गोष्ट आहे, गोष्ट! कुणी एका माणसानं बसून लिहिलेली!"

"पोथी पण कुणी बसूनच लिहिली."

तिने पट्टी इतकी घट्ट बांधली की सोडून परत बांधावी लागली. एका पुस्तकासाठी माणसं किती जीव तोडतात. वडिलांचं आहे म्हणून असेल. मी काही फाडून ठेवणार नाही.

२६ नोव्हेंबर, रविवार

भाऊजी आले होते, गोटा करून! मी आधी ओळखलंच नाही. चकचकीत डोकं, वर टोपी. सकाळी सकाळी ग्वारीघाटावर नर्मदेत अंघोळ करून थेट इकडेच आले.

"हे काय भाऊजी? कुठल्या न्हाव्याशी भांडण झालं?"

"कोंडा झाला होता वहिनी. डॉक्टर म्हणाला, एकदा काढून टाका."

"आणि थंडीत?"

"थंडीत कोंडा जास्त होते."

हेमलता मागे उभी होती. मी तिला म्हटलं, "तुलाही लाज नाही वाटली नवऱ्याला असं फिरवायला? लोक काय म्हणतील, घरात कोणी गेलं का?" ती पदर तोंडाला लावून मोरीत गेली, बराच वेळ बाहेर आली नाही. मला वाटलं हसून राहिली आहे. मलाही हसू आलं. वर्षभरात पहिल्यांदा आलं असेल.

भाऊजी माझ्या पाया पडले. उगीच, सणवार नसताना. विचारलं तर म्हणाले, "नर्मदेवरून आलो ना."

२९ नोव्हेंबर, बुधवार

येणार! दोन्हीकडचे कैदी सोडणार. शुक्रवारी, वाघा सरहद्दीवर. फॅक्टरीत आज सगळीकडे हेच. आमच्या खात्यातल्या बायकांनी मला मशीन सोडून उठवलं, पाणी दिलं. माझे टाके वाकडे जायला लागले होते.

सुटल्यावर धावत भाऊजींकडे गेले. त्यांचा ट्रान्झिस्टर लावलेलाच होता, मला बघून बंद केला.

"बंद काहून केला? लावा ना!"

"सेल उतरले वहिनी."

"शुक्रवारी येणार म्हणतात. तुम्हाला कळलं ना?"

"कळलं." मग टोपी काढली, पुन्हा घातली. "वहिनी, सगळेच येतील असं नसते. काही मागं राहतात. काही..."

"काही काय?"

हेमलता आतून ओरडली, "अहो, त्यांना चहा तर घेऊ द्या!"

घरी आल्यावर पुस्तकाचे राहिलेले भाग बघितले, पानं न वाचता, नुसते आकडे. दोन दिवसांत बसवले. समाप्ती शुक्रवारी सकाळी, फॅक्टरीच्या भोंग्याच्या आधी. तिकडे ते सरहद्द ओलांडतील आणि इकडे फलश्रुती वाचून होईल. प्रसादाला शिरा करीन. विनताला बोलवीन, पुस्तक तिचं आहे.

१ डिसेंबर, शुक्रवार

संपलं.

शिरा केला नाही.

रेडिओवर सांगितलं, कैदी आले. बँड वाजला म्हणे. नावं सांगत नाहीत.

२ डिसेंबर, शनिवार

काल लिहिता आलं नाही. आज लिहिते.

योहान विहिरीत होता. पहिल्या संध्याकाळपासून. मार्था कंदील लावत होती तेव्हा तो विहिरीत होता. त्याने घंटेवाल्या म्हाताऱ्याला पेला चोरताना पाहिलं म्हणून म्हाताऱ्याने त्याला ढकलला. आणि त्याच विहिरीचं पाणी तो रोज घागर भरून तिला आणून देत होता. मी त्याला भला माणूस म्हणून लिहिलं आहे वर. खोडत नाही, राहू दे.

हे वाचल्यावर मी पान उलटलं. आता आई काय करते ते येईल असं वाटलं. आलं नाही. म्हातारा नाताळच्या दिवशी देवळात गुडघे टेकून कबुली देतो, पाद्रीबाबा त्याला क्षमा करतात, मग पाद्रीबाबांचं लांबलचक भाषण, मग सगळा गाव गाणं म्हणतो. मार्थासाठी एक ओळ आहे. "मार्थेनेही मस्तक लवविले." एवढीच. खाली समाप्त. त्याखाली रेघ. मी मागची पानं उलटीपालटी करून बघितली. फलश्रुती नाही. दोन पानं कोरी आहेत.

पुस्तक घेऊन सरळ विनताकडे गेले. ती दारातच होती, पायात चपला घालत होती.

"मी तुमच्याकडेच निघाले होते काकू."

"ही मार्था दुसऱ्या दिवशी काय करते?"

"कोण?"

"मार्था. गाणं संपलं, लोक घरी गेले. दुसऱ्या दिवशी उजाडलं. तिने पाणी कुठून आणलं?"

विनता म्हणाली, "ते पुस्तकात नाही."

"नाही ना! पेल्याचं सगळं आहे. पेला कसा सापडला, कुणी पुसला, कुठे ठेवला. बाईचं काही नाही. याला काय पुस्तक म्हणायचं?"

"काकू, आमच्यात क्षमा मोठी असते. लेखकाला ते सांगायचं होतं."

"असू दे मोठी. माझी ना नाही. पण क्षमा तिची होती ना? पोरगा तिचा होता. पाद्रीबाबांनी तिला विचारलं पण नाही, आपल्याच हाताने वाटून टाकली. आधी बाईला रडू तर द्यायचं."

ती रडायला लागली. मला राग आला. माझ्या वाट्याचं हीच रडून राहिली. म्हणाली, "शाळेत असताना वाचलं होतं मी. खून कोणी केला एवढंच बघायचं होतं तेव्हा. मार्थाचं पुढं काय झालं, हे मला कधी सुचलंच नाही. शपथ घेऊन सांगते. तुम्ही पाटावर ठेवलं तेव्हा विहिरीचं आठवलं, म्हणून मागून राहिले होते."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"विहिरीचं माहीत होतं."

"आणि दुसरं काही?"

तिने माझा अंगठा हातात घेतला आणि पट्टी सोडायला लागली.

परत येताना मी मार्थाला शिव्या देत आले. एवढी कशी आंधळी बाई. सगळ्या गावाला कळलं होतं. बायका विहिरीवर यायच्या बंद झाल्या, हिच्या घरचं पाणी पिईनात, हिच्यासमोर गप्प बसत, आणि ही म्हणे नटव्या झाल्या. एवढं डोळ्यासमोर असून...

इथपर्यंत आले आणि रस्त्यातच थांबले. मागून सायकलवाला ओरडला, "माताजी, देख के!"

हेमलताच्या दारात रांगोळी नव्हती. तिने चकली केली नाही. माझा चिवडा खाल्ला नाही. ज्या घरात वर्षाच्या आत कुणी गेलं असेल तिथे दिवाळी करत नाहीत, गोडधोड, तळण करत नाहीत, हे मला कुणी शिकवायला नको. आणि भाऊजींनी गोटा केला तो ग्वारीघाटावर.

काल कैदी आले आणि भाऊजी नावं बघायला छावणीत गेले नाहीत. म्हणाले, सोमवारी बघू.

आज एवढंच. पुढे लिहवत नाही.

३ डिसेंबर, रविवार

सकाळी गेले. भाऊजी दारात ऊन खात बसले होते. डोक्यावर बारीक खुंट आले आहेत.

मी म्हटलं, "कोंडा बरा झाला का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. उठायला गेले, खुर्ची पडली.

जानेवारीत एक पोरगा आला होता, श्रीरंगच्याच तुकडीतला, वर्ध्याकडचा. भाऊजींना फौजेच्या ऑफिसात भेटला. त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. वायरलेसच्या गाडीवर गोळा पडला, काही राहिलं नाही. भाऊजी हे सगळं जमिनीकडे बघून सांगत होते.

मी विचारलं, "गाडीवर ताडपत्री होती का?"

"काय वहिनी?"

"ताडपत्री. गाडीवर होती का?"

"असेल," भाऊजी म्हणाले. "असतेच ना."

मग मी बोलले. खूप बोलले. त्याचं सगळं तुम्ही करून बसलात, मला पारखी ठेवून. नदीवर त्याचं वर्षश्राद्ध चाललं होतं तेव्हा मी घरात बसून दुसऱ्याचा पोरगा शोधत होते. तुम्ही कोण ठरवणार? मी आई आहे. भाऊजी उभ्याउभ्या ऐकत होते. मग हेमलता पुढे आली. ती कधी मला उलट बोललेली नाही, आज बोलली.

"बोलून घ्या वहिनी. वर्षभर ऐकलंच आहे मी. आळशी म्हणाल्या, नवऱ्याला गोट्यात फिरवते म्हणाल्या. मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबला मी त्या दिवशी. पण धुवाँधारचं नाव कोणी काढलं होतं? तुम्हीच ना? मग काहून सांगावं आम्ही? एक तर गेलाच होता. तुम्हाला पण पोचवून येऊ का भेडाघाटला?"

मला रडू आलं नाही.

तिथेच पायरीवर बसून राहिले. हेमलताने मला पाणी दिलं ते मी प्याले. त्यांच्या घरचं पाणी मी वर्षभर पीत होते, आणि त्यांना ते सगळं माहीत असताना ते मला देत होते. म्हाताऱ्याने पण मार्थाला दिलं. पण त्याचं देणं वेगळं होतं. हे मला आत्ता लिहिताना कळून राहिलं आहे.

घरी निघाले तर हेमलता वळकटी काखोटीला मारून मागे आली. मी म्हटलं, "तुझी काही गरज नाही."

"मला माहीत आहे."

"तू घोरतेस."

"तुम्ही जाग्याच राहणार आहात, तुमचं काय बिघडते?"

आता ती चूल बघते आहे. मी लिहिते आहे. खिडकीतला दिवा आज लावायचा की नाही कळत नाही. लावला तर कुणासाठी, आणि नाही लावला तर तो आजच गेला असं होईल. हेमलताला विचारलं. तिने त्यात तेल घातलं, पण काडी माझ्या हातात दिली. मी अजून ओढलेली नाही.

भेडाघाटची बस रोज सुटते, असं मी लिहिलं होतं. ती उद्याही सुटेल. उद्या माझ्यापुढे काय आहे ते मला दिसत नाही. दिसेल असं वाटतही नाही. योहानच्या गोष्टीत नंतरचं पान नाही, आणि मला तर पुस्तकातलं बोट धरूनच चालता येतं.

५ डिसेंबर, मंगळवार

आज पुस्तक विनताला परत केलं. फडक्यात गुंडाळूनच दिलं. शेवटच्या दोन कोऱ्या पानांवर काही लिहावं असं फार मनात होतं, पण पुस्तक दुसऱ्याचं आहे, त्यात आपण लिहू नये. म्हणून इथे लिहून ठेवते.

काल, सोमवारी, मी भोंग्याच्या आधी उठले. हेमलता झोपली होती. सिगडी पेटवून अंगणात ठेवली. देवाजवळ दिवा लावला नाही, सुतक धरलं. तिवारीनला सांगितलं, माझा मुलगा गेला. तिने माझी घागर घेतली आणि म्हणाली, "दीदी, आज मैं भर देती हूँ." मी नको म्हटलं. नळाखाली बादली लावली आणि तिथेच उभी राहिले. भरल्यावर नळ बंद केला.